सुखदेवा, त्या फाटकाची गोष्ट

सुखदेवा,

तुझ्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात मी तीन गोष्टी सांगितल्या आणि तिन्ही खोट्या होत्या. लोक हसले. पांढऱ्या साड्या नेसून बसलेल्या बायकासुद्धा तोंडाला पदर लावून हसल्या. पहिली ती, मे महिन्यात डांबर इतकं पातळ झालं की एका म्हशीच्या पायाला सडक चिकटली आणि ती सडक घेऊनच घरी गेली, म्हणून आपला आगीचा बंब अर्ध्या रस्त्यात थांबला. दुसरी तुझ्या अक्षराची. तू रजिस्टरात ‘आग’ हा शब्द इतका जिवंत लिहायचास की पलीकडचं पान पिवळं पडायचं. आणि तिसरी पारशिवनीच्या रस्त्यावरच्या गंजीची, ती तर तुला पाठच. तणसाची गंजी पेटल्याचा फोन आला, मी बंब असा हाणला की आम्ही पोचलो तेव्हा आग लागायला अजून दहा मिनिटं बाकी होती. मग काय, सगळे निंबाखाली बसून वाट पाहत राहिले.

मागून कोणीतरी म्हणालं की वसंता ड्रायव्हर बोलतो तोवर सुखदेव गेला असं वाटत नाही. मी खाली बसलो, पाणी प्यालो, आणि माझी नजर तुझ्या हार घातलेल्या फोटोवर गेली. या गंजीच्या गोष्टीवर नोकरीतली शेवटची सात वर्षं तू उठून जायचास. चहाचा कप अर्धा ठेवून, पाय ओढत, फोनच्या वॉचरूमकडे. फोटोला उठून जाता येत नाही.

तेव्हापासून माझं बूड कुठं टेकत नाही. पेपर उघडतो, मिटतो. सायकल काढतो, चौकापर्यंत जातो, परत येतो. बायको म्हणते, पंख्याखाली बसा जरा. पंखा म्हटला की तू आठवतोस.

कारण तुला सगळे ‘पंख्याखालचा’ म्हणायचे ना. शिडीच्या सरावात पडून तुझा पाय मोडला आणि साहेबांनी तुला टेलिफोनच्या खुर्चीवर बसवलं, तेव्हा बाकीच्यांना वाटलं की याची तर लॉटरी लागली. आम्ही धुरात खोकायचं, ह्याने पंख्याखाली बसून ‘हॅलो’ म्हणायचं. मीही म्हणालो असेन. असेन काय, म्हणालोच. मी तर असंही पसरवलं होतं की सुखदेवनं शिडीवरून उडी मुद्दाम मारली, अक्षर चांगलं आहे म्हणून. तू हसला होतास त्यावर. तेव्हा तू हसायचास.

बाहेरच्यांना आपली पद्धत माहीत नसते, म्हणून सांगतो. आगीवरून बंब परत आला की आधी होज, म्हणजे पाण्याचे लांब पाइप, धुवायचे. ओले, काजळलेले होज उंच मनोऱ्यात टांगायचे, म्हणजे ते वाळतात. ते धुताना, टांगताना माझं तोंड सुरू व्हायचं. ज्वाला ताडापेक्षा उंच, धूर थेट रामटेकच्या टेकडीपर्यंत, मी एका हाताने स्टिअरिंग धरलं आणि दुसऱ्या हाताने होज. सगळे हसायचे. हसता हसता काखेतली काजळी धुऊन निघायची. त्यानंतर चहा. आणि चहा झाला की मी तुझ्याकडे यायचो, कारण आगीवर काय झालं ते ड्रायव्हरने सांगायचं आणि वॉचरूमवाल्याने रजिस्टरात लिहायचं, हा नियम.

तू आधी एका रद्दी कागदावर लिहायचास, मग मला वाचून दाखवायचास, मग रेघ मारून काटायचास.

‘ज्वाला किती उंच?’

‘ताडापेक्षा.’

‘किती गा?’

‘आता ताड म्हणजे, लहान ताड.’

‘घराएवढी?’

‘कौलापर्यंत.’

‘कौलापर्यंत लिहितो. ताड काटला.’

असं तू एकेक काटत जायचास. ताड काटायचास, म्हैस काटायचास, रामटेक काटायचास. सगळं काटून झालं की जे उरायचं ते मी बाहेर कोणालाच सांगितलेलं नसायचं. कोण कुठं सापडलं. कोणत्या कुशीवर. हात कुठं होते. दाराला कडी आतून होती की बाहेरून. ते तू विचारायचास, कारण रजिस्टरात तेच लागतं. मी सांगायचो. तू लिहायचास, टाक पुसायचास, आणि मी हलका होऊन सायकल मारत महाल भागात माझ्या घरी जायचो, दोन भाकरी जास्त खायचो. आगीत मी जायचो, सुखदेव. पण आग घरी तू न्यायचास. हे मला आता पन्नाशी उलटल्यावर कळतंय, म्हणजे माझं डोकं किती जलद चालतं ते बघ.

आणि एक गोष्ट होती ती कोणालाच माहीत नाही. घंटा झाली की तू पत्त्याची चिठ्ठी घेऊन लंगडत खिडकीशी यायचास, मी बंब सुरू करून हात बाहेर काढलेला असायचा. तू चिठ्ठी माझ्या तळहातावर ठेवायचास आणि माझी मूठ एकदा दाबायचास. एकदाच. बोलायचं काही नाही. माझे हात स्टिअरिंगवर थरथरतात हे तू ओळखलं होतंस आणि मी जगभर बोंबलत फिरायचो की वसंताला भीती ठाऊक नाही. त्या एका दाबण्यावर मी किती वर्षं बंब चालवला. हे मी तुला कधी म्हणालो नाही. म्हणणार कसा, म्हटलं असतं तर माझी सगळी दुकानदारीच बसली असती.

मग ते कापडाचं गोदाम आलं.

सकाळी साडेदहाचा सुमार. वरच्या मजल्यावर एक कारकून होता, खाली जिना पेटला आणि त्याने वरूनच फोन केला. पत्ता नीट सांगितला. तू घंटा वाजवलीस, चिठ्ठी दिलीस, मूठ दाबलीस, आम्ही निघालो. आमच्यासाठी ती आग तिथून सुरू झाली. तुझ्यासाठी ती टेबलावर वाट पाहत होती, कारण तू परत आलास तर त्या माणसाने फोन ठेवलेला नव्हता. मग तूही ठेवला नाहीस. तू त्याला म्हणालास, बंब निघाला, येऊन राहिला, खिडकीजवळ जा. तो म्हणाला, खिडकी दिसत नाही. मग म्हणाला की माझ्या सायकलची किल्ली टेबलाच्या खणात आहे, भावाला सांगा, सायकल त्यालाच लागते. तू म्हणालास, सांगतो. त्याने विचारलं, ऐकू येतंय ना? तू म्हणालास, येतंय. नंतर नुसता खोकला. नंतर तोही नाही.

आम्ही दोन तासांनी परत आलो तेव्हा रिसीव्हर तुझ्या कानाला होता. साहेब तुझ्यावर ओरडत होते की फोन अडवून ठेवला, दुसरीकडे आग लागली तर काय. त्यांचंही बरोबर होतं. मी होज तसेच टाकून आत आलो. त्या दिवशी मी मनोऱ्याखाली एकही थाप मारली नव्हती. तू कागद ओढलास आणि पहिला प्रश्न विचारलास: ‘त्याच्या हातात फोन होता का?’

मी, ज्याने म्हशीच्या पायाला सडक बांधली, त्या मी तेव्हा खोटं बोलायला हवं होतं. म्हणायला हवं होतं की तो खिडकीपर्यंत पोचला होता. एवढी साधी थाप. मी म्हणालो, ‘होता.’

तू लिहिलंस. अक्षर नेहमीसारखंच. दुसऱ्या दिवशी रजा टाकून त्याच्या भावाला किल्लीचं सांगून आलास. खण जळला होता, किल्ली जळली होती, पण तू सांगून आलास.

त्यानंतर तू फोनवर एक नवीन प्रश्न विचारायला लागलास. नियम असा की आधी पत्ता घ्यायचा, तो पुन्हा म्हणायचा, मग बाकी काय ते. आपण सगळे ते पाठ म्हणायचो. तू मात्र पत्त्याच्याही आधी विचारायचास: ‘आतून बोलून राहिले का बाहेरून?’ समोरचा गोंधळायचा. कोणी म्हणायचं, बाहेरून, तेव्हा तुझे खांदे खाली यायचे आणि मग तू पत्ता घ्यायचास. आम्हाला यात गंमतच वाटली. मी तर तुझी नक्कल करायचो. कोणी वॉचरूमच्या दारात आलं की ओरडायचो, आतून का बाहेरून?

आणखीही होतं. पलीकडच्या लॉजमधला फोन वाजला तरी तू घंटेच्या दोरीला हात घालायचास. दोनदा तर घंटा वाजवलीस, आम्ही बुटात पाय कोंबून धावत आलो, फोन आलेलाच नव्हता. दर दहा मिनिटांनी रिसीव्हर उचलून लाइन चालू आहे का ते ऐकायचास. डब्यातलं गरम खाणं सोडलंस. भाजी थंड झाली की खायचास, वाफ दिसली की झाकण लावायचास. घरी तू दार लावू देत नाहीस असं वहिनी माझ्या बायकोजवळ बोलली होती. थंडीतसुद्धा. तुला साहेबांनी डॉक्टरकडे पाठवलं, त्यांनी ताकदीची इंजेक्शनं दिली, वर एक लाल टॉनिक. कशावर द्यायचं होतं ते त्यांनाही ठाऊक नव्हतं. आगीत गेला नाही, भाजला नाही, कोणी घरचं मेलं नाही, खुर्चीवर बसलेल्या माणसाला काय होणार? असं सगळेच म्हणायचे. टॉनिक मात्र मी अर्धं प्यालो, ते चांगलं होतं.

एकदा तू मला म्हणालास, ‘वसंता, मले होज धुवाले द्या म्हणावं साहेबाले. टायर पुसतो. काहीही करतो. फोन नको.’

मी म्हणालो, ‘काहून गा? पंखा टोचते का?’

झालं. ते संभाषण तिथं संपलं. माझं एवढंच काम, संभाषणं संपवायची, तीही हशावर.

आता त्या दुपारकडे यावंच लागेल. मी मघापासून गाडी इकडे तिकडे वळवतोय, ते तुझ्या लक्षात आलं असेल.

वस्तीचं नाव लिहीत नाही. त्या मुलीचंही नाही. तिने जिथून फोन केला ती जागाही मी बदलली आहे. एवढी एक थाप मला राहू दे.

मे महिना. मिलचा तीनचा भोंगा होऊन दहा मिनिटं झाली होती. घंटा झाली. मी बंब सुरू केला, चौघं मागे चढले, मी हात बाहेर काढला. तू आलास. चिठ्ठी ठेवलीस, मूठ दाबलीस. मी बघितलं तर चिठ्ठी कोरी. मी तुझ्याकडे पाहिलं. तुझ्या तोंडावर अशी कळा होती की जणू पत्ता तिथं लिहिलेला आहे आणि मलाच वाचता येत नाही.

‘पत्ता?’

‘ती ठेवून गेली गा.’

काय झालं ते तू तिथंच खिडकीशी उभं राहून सांगितलंस. एका दवाखान्यातून मुलीचा फोन. आग लागली, म्हणाली. तू दोरी ओढलीस आणि विचारलंस, आतून बोलून राहिली का बाहेरून. ती म्हणाली, बाहेरून, पण माहा बाप आत हाय. आणि ‘आत’ म्हणताक्षणी तिने फोन टाकला आणि पळाली. आधी पत्ता विचारला असतास तर तिने तो सांगून मग टाकला असता. हे तू मला सांगितलं नाहीस. मीही म्हणालो नाही. दोघांनाही ते तेव्हाच कळलं होतं.

बंब जागेवर घुरघुरत होता. शहरात निदान शंभर दवाखाने असतील. मी मनोऱ्यावर माणूस चढवला, उन्हाच्या झळांत धूर कुठं दिसतो का बघायला. सगळ्या शहरावर पांढरं आकाश, धूर कुठला आणि झळ कुठली ते कळेना. तू परत फोनजवळ. तीन-सतराला एका गिरणीवाल्याचा फोन आला. त्याला तू काहीही विचारलं नाहीस, आधी पत्ता घेतलास. मी असा बंब हाणला की खरंच म्हशी बाजूला झाल्या. आठ मिनिटांचा रस्ता, आठ मिनिटांतच झाला. तो कमी करायला आपल्या थापा उपयोगी पडल्या नाहीत.

ती मुलगी घरासमोर उभी होती, तिला दोन बायांनी धरलं होतं. तिने मला विचारलं, एवढा वेळ काहून लागला? मी होज सोडत होतो. म्हाताऱ्याला मीच बाहेर आणलं.

सात मिनिटं आधी गेलो असतो तर वाचला असता का? यावर तू आणि मी सात वर्षं भांडलो. एका मिनिटाला एक वर्ष. मी म्हणायचो, कुडाचं घर, वर बांबूचे टट्टे, आत रॉकेलचा डबा, दोन मिनिटांत संपलं असेल. तू म्हणायचास, असेलही. मी म्हणायचो, मग? तू म्हणायचास, असेलही, पण मले ते माहीत नाही ना.

चौकशी लागली. दवाखान्याच्या कंपाउंडरने मुलीला तीन-दहाला फोन करताना पाहिलं होतं, भिंतीवरच्या घड्याळासकट. मुलगी शपथेवर म्हणाली की मी पत्ता सांगितला. तिला खरंच तसं वाटत होतं. बंब पोचला तीन-पंचवीसला. साहेब विचारणार, मधली सात मिनिटं कुठं गेली? तुझी नोकरी जाणार हे उघड होतं. तुझी पोर रत्ना तेव्हा शाळेत, वहिनीचं ऑपरेशन नुकतंच झालेलं. मी मनोऱ्याखाली उभा राहून ओले होज बघत होतो आणि मला ती सात मिनिटं कुठं लपवायची ते सुचलं. माझ्या आयुष्यातली सगळ्यात साधी थाप. ना म्हैस, ना ताड.

मी वॉचरूममध्ये आलो. तू कागद ओढलास.

‘लिही,’ मी म्हणालो. ‘तीन-दहाला फोन. पत्ता घेतला. बंब रवाना. छोट्या लाइनचं फाटक बंद. मालगाडी उभी. सात मिनिटं खोळंबा.’

तुझा टाक थांबला.

‘वसंता, फाटक उघडं होतं ना गा?’

‘लिही.’

‘उघडं होतं ना?’

‘चौघं शपथ घेऊन राहिले, सुखदेव. लिही आता.’

तू लिहिलंस. त्या सुरेख अक्षरात, सरळ रेषेत. वाचून दाखवलं नाहीस. त्या दिवशी तू काहीही काटलं नाहीस.

साहेबांनी वाचलं, मान हलवली. छोट्या लाइनची गाडी कधी येते हे त्या गाडीलाही माहीत नसतं, कोण विचारायला जातो? उलट साहेबांनी वर लिहिलं की त्या फाटकावर पूल व्हावा. पूल अजून झालेला नाही. मुलीला समजलं की तिने पत्ता सांगितला होता, दोष रेल्वेचा. ती लग्न होऊन गेली, तिला पोरं झाली. तुझी नोकरी राहिली. मी तुला म्हणालो, बघ, एका थापेत किती जणांचं भलं केलं. तू म्हणालास, ‘अन् माहं?’

तुझं काय, हे मला तेव्हा कळलंच नाही. आपल्याकडून चूक झाली, ती का झाली, आणि आता हे काम मला जमत नाही, एवढं तुला साहेबांसमोर एकदा बोलायचं होतं. तेच दार मी फाटक म्हणून बंद केलं. चुकलेल्या माणसाला फोनवरून हलवतात. तू तर चुकलाच नव्हतास, तुझ्याच अक्षरात लिहिलेलं होतं. बिनचूक माणसाला कोण हलवणार? पंख्याखाली अजून सात वर्षं. ज्या खुर्चीतून सुटायला तू मला हात मागितलास, तिला मीच तुला बांधलं आणि वर उपकाराचं तोंड करून फिरलो.

तू सायकल घेऊन त्या फाटकापर्यंत गेलास, मोडक्या पायाने. फाटकवाल्याशी ओळख काढलीस, त्याच्यासोबत विडी ओढलीस. त्याने सांगितलं की त्या दुपारी एकही मालगाडी गेली नाही. तू येऊन मला ते सांगितलंस आणि माझ्याकडे बघत राहिलास. मी म्हणालो, फाटकवाला झोपला असेल, गाडी त्याला न उठवता गेली असेल. तू वाद घातला नाहीस. चिठ्ठी द्यायला येत राहिलास, पत्ता नेहमी बरोबर असायचा. पण त्या दुपारनंतर तू माझी मूठ दाबली नाहीस. एकदाही नाही. मी हात बाहेर जास्त वेळ ठेवून बघितला.

वर्षातून दोन-चारदा, चहाच्या वेळी, होज टांगताना, हिंगण्याच्या एका कारखान्याच्या आगीवरून परतल्यावर, तू मध्येच विचारायचास, फाटक उघडं होतं ना? तुला माहीत होतं. तुला फक्त ते माझ्या तोंडून हवं होतं, म्हणजे साहेबाकडे जाताना तू एकटा नसतास. दर वेळी मी एक नवीन गोष्ट सांगायचो. फाटकवाल्याच्या बकरीची, गार्डाच्या डब्याची. त्या फाटकावर मी सात वर्षांत इतक्या गाड्या चालवल्या की खऱ्या रेल्वेनेही चालवल्या नसतील.

गेल्या वर्षी तू स्वतःच नोकरी सोडून घरी बसलास. मी भेटायला आलो की दार उघडं असायचं. आपण पावसावर बोलायचो, माझ्या गुडघ्यांवर बोलायचो. शेवटल्या खेपेला तू काही विचारलं नाहीस. मला बरं वाटलं होतं. बरं वाटलं, सुखदेव, म्हणूनच मला आता बसवत नाही.

काल दुपारी तुझ्या घरी गेलो. कौसल्यावहिनी तुझ्या पेटीतले कपडे काढून बसली होती. दार उघडंच. तिने तुझ्या खाकी शर्टाच्या खिशातून एक कागद काढून माझ्यासमोर धरला. वॉचरूमची चिठ्ठी, घडीवर मळलेली, दोन्हीकडून कोरी. ती मी त्या दिवशी तुझ्याच अंगावर फेकली होती.

‘भाऊजी, ही कोरी चिठ्ठी काहून जपून ठेवली असंन यायनं?’

माझ्या जिभेवर लगेच आलं, काय की वहिनी, तुमच्यावर कविता लिहायला ठेवली असेल. तोंड उघडलंसुद्धा. मग पुढं काहीतरी वेगळंच बाहेर पडलं. मी तिला सगळं सांगितलं. गोदामापासून. ताड न लावता. मध्ये मध्ये माझा मलाच भरवसा येत नव्हता, म्हणून एकेक वाक्य दोनदा सांगितलं. ती तुझ्या शर्टाची बटणं लावत होती, लावून झाली की परत काढत होती.

सगळं ऐकून तिने शर्टाची घडी घातली. मग म्हणाली, ‘फाटक, फाटक करत होते ते. मले वाटे आपल्याच दाराचं म्हणतात. म्हणून मी ते लावतच नव्हती.’

मी हात जोडले. माफ करा म्हणालो. तिने माझ्याकडे पाहिलं, रागाने नाही, मी कुणी चुकून घरात आलेला माणूस असल्यासारखं.

‘मले काहून सांगता? ज्यायनं विचारलं त्यायले सांगा.’

आणि चिठ्ठी माझ्या हातात दिली.

म्हणून हे लिहितोय. आज साहेबाकडे जाऊन आलो. आता नवीन साहेब आहेत, तरुण आहेत. जुनं रजिस्टर कुठल्या कपाटात आहे ते त्यांना माहीत नाही, पण शोधतो म्हणाले. मला वाटलं हसतील, ते हसले नाहीत. मी त्यांना हेही सांगितलं की सध्या फोनवर जो बसतो, त्याला दर काही महिन्यांनी तिथून उठवा. का, असं त्यांनी विचारलं. मी बाहेर होज धुणारांकडे बोट दाखवलं आणि म्हणालो, ते धुऊन टाकतात, त्याला धुवायला काही नसतं. यापुढं मला शब्द सापडले नाहीत. मला, वसंता ड्रायव्हरला.

तुझी चिठ्ठी टेबलावर आहे. माझं अक्षर तुला माहीत आहे, कोंबडीने उकरल्यासारखं. तरी आज लिहिणारा मीच, सांगणाराही मीच.

तीन-दहा. फोन आला. पत्ता मिळाला नाही. बंब सुरू, जागेवर उभा. तीन-सतरा. दुसरा फोन, पत्ता मिळाला, बंब रवाना. रस्ता मोकळा. तीन-पंचवीस. पोचलो. एक इसम मृत. फोनवरच्या परिचालकाने काम बदलून मागितलं होतं, ड्रायव्हरने ते चेष्टेवारी नेलं. फाटक उघडं होतं.

सही, वसंत, ड्रायव्हर.

वाचून बघ, गा. यात काटण्यासारखं काही नाही.